बॉक्समधलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं? बाबांची रणजी फायनल अडकली आहे

नंदनवन_नागपूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स आहे, आत हार्ड डिस्क असलेला. बाबांनी त्यात वर्षानुवर्षं रेकॉर्डिंग साठवलंय. मालिका आणि सिनेमे गेले तरी चालतील, पण तीन गोष्टी काहीही करून वाचवायच्या आहेत.

पहिली म्हणजे इंदूरची रणजी फायनल. २९ डिसेंबर २०१७ ते १ जानेवारी २०१८, विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा करंडक आपल्याकडे आला तो सामना. चारही दिवसांचं रेकॉर्डिंग आहे. बाबा तरुणपणी क्लब क्रिकेट खेळलेले. गुरबानीची हॅटट्रिक त्यांना तोंडपाठ आहे, तरी कोणी पाहुणा आला की लावतातच.

दुसरी, काटोलच्या मोठ्या काकांची मुलाखत. दूरदर्शनच्या शेतीच्या कार्यक्रमात आली होती. संत्र्याला अंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण कधी द्यायचा, पाणी कधी सोडायचं, हे ते बागेत उभे राहून सांगतात. काका आता नाहीत. त्यांचा आवाज असलेला दुसरा व्हिडिओ घरात कोणाकडेच नाही.

तिसरी, दीक्षाभूमीवरून झालेलं धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं थेट प्रक्षेपण. त्यात गर्दीतून कॅमेरा फिरतो तेव्हा आई आणि मावशी दिसतात. थोडाच वेळ, पण स्पष्ट दिसतात.

अडचण अशी आहे की बॉक्समधून कुरकुर आवाज येऊन राहिला आहे आणि मधूनच चित्र थांबतं. कंपनीकडून आलेला माणूस म्हणाला की बॉक्स बदलून देतो, पण जुना परत न्यावा लागेल आणि त्यातलं रेकॉर्डिंग नवीन बॉक्सवर येणार नाही. मी सध्या त्याला थांबवलं आहे. मागे यूएसबीचं भोक आहे, पेनड्राइव्ह लावून पाहिला, पण कॉपी करा असं कुठेच येत नाही. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. बॉक्सला एचडीएमआय आहे आणि एक छोटं गोल भोक आहे, त्यावर एव्ही लिहिलं आहे. कोणी हे काम केलं असेल तर नीट सांगा. बाबांना अजून सांगितलेलं नाही की हे जाऊ शकतं.

प्रतापनगर_पीसी

ताई, सोपं आहे. बॉक्सचे स्क्रू काढा, आत लॅपटॉप किंवा डेस्कटॉपला असते तशीच साटा हार्ड डिस्क असते. साटा ते यूएसबी अशी केबल मिळते, ती लावा आणि फाइल्स कॉपी करून घ्या. एचडीएमआयच्या भानगडीत पडू नका.

महाल_रेडिओवाला

ताई, थांबा. बॉक्स उघडू नका.

प्रतापनगरवाल्या दादांनी चांगल्या मनानं सांगितलं आहे, आणि डिस्क साटाच असते हेही बरोबर. पण पुढचं ऐका. ती डिस्क विंडोजला लावली की विंडोजला तिची मांडणी ओळखता येत नाही, आणि तो सरळ विचारतो की डिस्क फॉरमॅट करायची का. घाईत हो दाबलं गेलं की संपलं. बरं, नाही दाबलं, लिनक्सवरून उघडून फाइल्स काढल्या, तरी त्या चालत नाहीत. कार्यक्रम उपग्रहावरून येतो तेव्हाच तो कुलूपबंद असतो. बॉक्समधलं कार्ड आणि चिप मिळून ते उघडतात. डिस्कवर लिहिताना बॉक्स परत स्वतःचं कुलूप लावतो आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये राहते. म्हणून तुमची डिस्क त्याच कंपनीच्या दुसऱ्या, अगदी त्याच मॉडेलच्या बॉक्सला लावली तरी रेकॉर्डिंग उघडत नाही. आलेला माणूस नवीन बॉक्सवर येणार नाही म्हणाला, ते त्याचमुळे.

माझं महालात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. व्हीसीआरच्या काळापासून लोक लग्नाच्या कॅसेटी सीडीवर करायला घेऊन यायचे, मग हे बॉक्स आले, मग लोक बॉक्स घेऊन येऊ लागले. दुकान आता मुलगा पाहतो, तो मोबाइलचं काम करतो. पण कोणी असं जुनं काही घेऊन आलं की तो मलाच फोन लावतो. तेव्हा हे मी हातानं केलेलं सांगून राहिलो.

रस्ता एकच आहे आणि तो लांबचा आहे. बॉक्स स्वतःच कुलूप उघडून चित्र दाखवतो ना? मग त्यालाच दाखवू द्या, आणि मागच्या एव्हीच्या भोकातून जे बाहेर येतं ते लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. नळाखाली बादली लावण्यासारखं आहे. नळाची धार आहे तेवढीच राहणार, ती जोरात करता येत नाही. एक तासाचा कार्यक्रम घ्यायला एक तास लागणार. चार दिवसांची फायनल असेल तर चार दिवसांच्या खेळाइतका वेळ जाणार. घाई करणाऱ्याचं हे काम नाही, पण आलेलं चित्र तुमच्या हक्काचं, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारं.

आता क्रम. तुमच्या बॉक्सच्या डिस्कचे दिवस भरत आले आहेत, कुरकुर हे त्याचं लक्षण. म्हणून सगळ्यात आधी काकांची मुलाखत घ्या. ती लहान आहे आणि ती परत कुठे मिळणार नाही. मग दीक्षाभूमीचं, तेही आई-मावशी दिसतात तो भाग आधी. फायनल शेवटी, आणि त्यातही दुसऱ्या दिवसाची सकाळ पहिली. गुरबानीची हॅटट्रिक ३० डिसेंबरची आहे, दोन ओव्हरमध्ये मिळून झाली, तिघंही बोल्ड. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि १४५ वर खेळत असलेला ध्रुव शोरी. मग अक्षय वाडकरचं शतक, मग शेवटच्या दिवसाचा शेवट. मधली षटकं उरलेल्या वेळात. लोक उलट करतात, मोठं काम आधी संपवू म्हणतात, आणि डिस्क मध्येच बसते. हे मी दुकानात फार पाहिलं आहे.

तोवर डिस्कला त्रास देऊ नका. पुढे-मागे पळवणं कमी करा, सरळ चालू द्या. नको असलेलं पुसत बसू नका, त्यानं काही फायदा नाही. पुढच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग लावून ठेवली असतील तर ती रद्द करा. अजून एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. तुम्ही टीव्ही पाहत असता तेव्हाही हे बॉक्स चालू चॅनेल सतत डिस्कवर लिहीत असतात, म्हणून तर थेट कार्यक्रम थांबवून ठेवता येतो. साठवलेलं रेकॉर्डिंग टीव्हीवर चालू असताना मागची छत्रीची केबल काढून पाहा. रेकॉर्डिंग चालत राहिलं तर केबल काढलेलीच ठेवा, डिस्कचं अर्धं काम वाचतं. काही बॉक्स सिग्नल गेला की रेकॉर्डिंगही दाखवत नाहीत. तसं झालं तर परत लावा.

आणि रिचार्ज संपू देऊ नका. बऱ्याच बॉक्सवर पॅक बंद झाला की साठवलेलं रेकॉर्डिंगही उघडत नाही. काम पूर्ण होईपर्यंत पैसे भरत राहा.

सामान असं लागतं. एक एव्हीची केबल, एका टोकाला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, लाल, पांढरी. पिनेवर तीन काळ्या रेघा हव्यात, दोन असल्या तर ती फक्त आवाजाची केबल. बॉक्ससोबत आलेली असेल तर तीच शोधा. कारण सगळ्या केबलींत तारांचा क्रम सारखा नसतो. दुसरी लावली आणि चित्र न येता नुसता घरघर आवाज आला, तर घाबरू नका, लाल वायर पिवळ्याच्या जागी लावून पाहा. दुसरं, यूएसबीचं व्हिडिओ कॅप्चर डोंगल, एका बाजूला पिवळा-लाल-पांढरा आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी. बर्डीच्या बाजारात मिळून जाईल. दुकानदाराला एवढंच विचारा की विंडोज ११ वर ड्रायव्हरशिवाय चालतं का. दिसायला सारखी असतात, पण आत चिप वेगवेगळी असते, आणि सोबत सीडी देतात त्यातला ड्रायव्हर जुन्या विंडोजचा निघतो. चालत नसेल तर परत घेईल असं बोलून घ्या.

सामान आणा, मग पुढचं सांगतो.

गेमर_मनीषनगर

काका, एव्ही कशाला? बॉक्स एचडी आहे. माझ्याकडे एचडीएमआयचं कॅप्चर कार्ड आहे, गेम रेकॉर्ड करतो त्यावर. ताईंना हवं तर देतो. एव्हीतून चित्र पुसट येईल.

महाल_रेडिओवाला

भाऊ, कार्ड देतो म्हणालास, हे फार चांगलं. पण एचडीएमआयमधून एचडीसीपी नावाचं संरक्षण जातं. गेमच्या मशीनवर ते काढून ठेवायची सोय असते, डीटीएचच्या बॉक्सवर नसते. टीव्हीला ते समजतं म्हणून टीव्हीवर दिसतं. तुझ्या कार्डानं लावून पाहशील तर काळा पडदा येईल. ते चुकवायचे उपाय लोक सांगतात, पण ते कुलूप तोडणं झालं, आणि मी ते सांगणार नाही. एव्हीच्या भोकाला हे संरक्षण नाही.

पुसट येईल म्हणतोस ते खरं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एव्हीतून ५७६ रेघांचं चित्र मिळतं, कॉम्प्युटरवर ७२० बाय ५७६. एचडीची फायनल असली तरी तेवढंच येणार. पण धावफलक वाचता येतो, चेहरे ओळखू येतात, बेल्स उडताना दिसतात. आणि काकांची मुलाखत दूरदर्शनची असेल तर ती मुळात साध्या दर्जाचीच असणार, तिच्यात काहीच कमी होणार नाही.

नंदनवन_नागपूर

काका, खूप खूप आभार. डोंगल आणलं. केबल बाबांच्या ड्रॉवरमध्येच होती, बॉक्सच्या मूळ खोक्यात. बाबांना शेवटी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून खोकं शोधायला गेले.

गेमर भाऊ, तुमचेही आभार, पण काकांचं ऐकते.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे म्हणून. चित्र आलं, पण काळं-पांढरं आहे आणि खालून वर सरकत राहतं. आवाज तर अजिबात नाही. केबल खराब आहे का?

महाल_रेडिओवाला

केबल एकदम बरोबर आहे, बेटा. चित्र काळं-पांढरं आणि सरकणारं, याचा अर्थ डोंगल अमेरिकेच्या पद्धतीवर बसलं आहे, एनटीएससीवर. ओबीएसमध्ये त्या व्हिडिओच्या सोर्सवर दोनदा क्लिक कर, कॉन्फिगर व्हिडिओ असं बटण असतं, त्यात पाल-बी निवड. रंग लगेच येतील. आकार ७२० बाय ५७६ ठेव.

आवाज वेगळा येतो, कारण विंडोजला ते डोंगल दोन उपकरणांसारखं दिसतं, एक कॅमेरा आणि एक माइक. ओबीएसच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या भागात जाऊन डोंगलचा माइक निवड. आणि लॅपटॉपचा स्वतःचा माइक बंद कर, डेस्कटॉपचा आवाजही बंद कर. नाहीतर काकांच्या मुलाखतीत तुमच्या घरचा कुकर वाजेल. बॉक्सचा आवाज रिमोटनं वाढवून ठेव, पण ओबीएसमधली पट्टी लाल होऊ देऊ नकोस. हिरव्या-पिवळ्यात नाचली पाहिजे. लाल झालेला आवाज फाटतो, तो नंतर कोणालाच शिवता येत नाही.

आता चार गोष्टी मन लावून कर.

बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा आकार १६:९ कर. ओबीएसमध्ये चित्र १०२४ बाय ५७६ असं ताणून बसव. नाहीतर सगळे खेळाडू उंच आणि बारीक दिसतील. मुलाखत जुनी असेल आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येत असतील तर येऊ दे.

मग डीइंटरलेसिंग. टीव्हीचं चित्र एक आड एक रेघांनी येतं. कॉम्प्युटरवर तसंच घेतलं की हलणाऱ्या वस्तूच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. सोर्सवर उजवं क्लिक, डीइंटरलेसिंग, त्यात याडिफ दुप्पट. आणि सेटिंगमध्ये सेकंदाला ५० फ्रेम. मुलाखतीला २५ चालल्या असत्या, पण क्रिकेटला ५० पाहिजेच. मी दोन्ही करून पाहिलं आहे. २५ वर चेंडू हातातून सुटतो आणि एकदम बॅटवर दिसतो, मधला टप्पाच जातो. ज्याला तो टप्पा परत परत पाहायचा आहे, त्याच्यासाठी ५०.

फाइल एमकेव्ही या प्रकारात घे, एमपी४ मध्ये नको. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली किंवा लॅपटॉप अडकला तर एमपी४ ची अख्खी फाइल जाते, एमकेव्ही तिथपर्यंत वाचते. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून तिचं एमपी४ करता येतं, दर्जा कमी होत नाही, क्षणात होतं.

लॅपटॉप झोपणार नाही असं कर, विंडोजचं अपडेट पुढे ढकल. बिटरेट ४ एमबीपीएस ठेवलास तर तासाला साधारण १.८ जीबी लागते. ४० तासांना ७२ जीबी. तेवढी जागा आधी मोकळी करून ठेव. बाहेरच्या डिस्कवर थेट घेत असशील तर तिचं फॉरमॅट पाहून घे. फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. रणजीचा एक दिवस त्याच्यापेक्षा मोठा आहे.

आणि उन्हाचं. सध्या आपल्याकडे जे तापून राहिलं आहे, त्यात तो बॉक्स टीव्हीखालच्या बंद कपाटात असेल तर आधी बाहेर काढ. डिस्क आधीच थकलेली आहे. टेबलावर उघड्यावर ठेव, खाली चार बाटल्यांची झाकणं लाव म्हणजे बुडातून हवा जाईल, समोरून टेबल फॅन सोड. कूलरसमोर ठेवू नकोस. कूलरची हवा गार असली तरी दमट असते, चालू सर्किटला ती नको. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागायच्या आत मुख्य तीन गोष्टी घेऊन टाक. रात्री किंवा पहाटे लाव, घर गार असतं आणि घरातले झोपलेले असतात.

धरमपेठ_वाचक

मध्ये विचारतो, माफ करा. हे कायद्यात बसतं का? मलाही काही कार्यक्रम घ्यायचे आहेत, पण भीती वाटते.

महाल_रेडिओवाला

वाजवी प्रश्न आहे. मी वकील नाही, पण दुकान चालवायचं म्हणून हे समजून घेतलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये म्हटलं आहे की स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करणं हा हक्काचा भंग नाही. शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठीही सूट आहे. घरात ठेवा, घरात पाहा. ते यूट्यूबवर टाकणं, पेनड्राइव्हवर भरून विकणं, हॉलमध्ये लोकांना दाखवणं, हे त्यात येत नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ अ कलम आलं, हक्क मोडण्यासाठी संरक्षणाचं कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा आहे. म्हणून मी डिस्कमागे आणि एचडीएमआयमागे लागत नाही. मागच्या भोकातून कंपनीनंच चित्र बाहेर दिलं आहे, तेवढंच घ्यायचं.

फ्रीडिश_काटोल

ताई, मी काटोलचाच. तुमच्या काकांची मुलाखत मी पाहिलेली असू शकते, आमच्या भागात संत्र्याचा कार्यक्रम लागला की सगळे पाहतात.

आमच्याकडे डीडी फ्री डिशचा साधा बॉक्स आहे, पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग होतं. ती फाइल कॉम्प्युटरवर टाकली की व्हीएलसीत सरळ चालते. मग ताईंच्या बॉक्सवर का नाही?

महाल_रेडिओवाला

कारण फ्री डिशवरचे चॅनेल पैशाचे नाहीत, म्हणून जुन्या साध्या बॉक्सना कुलूप उघडावंच लागत नाही आणि परत लावायचीही गरज पडत नाही. हवेतून जे आलं तेच जसंच्या तसं पेनड्राइव्हवर उतरतं, टीएस नावाची फाइल होते. ती तुमची. टीव्हीवर चालत नसेल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एमपी४ करून घ्या, त्यातही डीइंटरलेस चालू ठेवा. फाइलीचे तुकडे पडले असतील तर ते बॉक्स फॅट ३२ च्या मर्यादेमुळे पाडतो, नंतर जोडता येतात. पण पैशाच्या कंपन्यांचे जे बॉक्स पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करतात, त्यांच्या फाइली मात्र बहुतेक कुलूपबंदच निघतात.

ज्यांना दूरदर्शनचं पुढे काही जपायचं आहे त्यांना माझं एकच सांगणं. तो कार्यक्रम लागणार हे आधी कळलं असेल तर फ्री डिशच्या बॉक्सवर घ्या. आणि ताई, काकांचा कार्यक्रम दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब चॅनेलवरही एकदा शोधून पाहा. ते बरंच टाकत असतात. सापडला तर मूळ दर्जाचा मिळेल. पण सापडेल म्हणून बॉक्सवरचं घ्यायचं थांबू नका.

नंदनवन_नागपूर

काका, पाल-बी केलं आणि रंग आले!

मुलाखत आली. पूर्ण. बारा-तेरा मिनिटांची आहे, एकदाही अटकली नाही. काका झाडाखाली उभे आहेत, उजव्या हातात संत्र्याची फांदी धरलेली. पानं जरा सुकली, पिवळी पडायला लागली की ताण बसला असं समजायचं, मग खणून खत द्यायचं आणि पाणी सोडायचं, हे ते सांगतात. मधेच मुलाखत घेणाऱ्याला थांबवून म्हणतात, 'सायेब, तुमी जमीन पाहा आधी, भारी हाय का हलकी, मंग ताण बोला.' त्यांचं ते बोलणं मी विसरून गेले होते. चुलतभावाला लगेच पाठवलं.

दीक्षाभूमीचं पण झालं. आई आणि मावशी दिसतात तिथे चित्र थोडं थांबलं, मी काहीच केलं नाही, तुम्ही म्हणाला तसं चालू ठेवलं, आणि पुढे गेलं. परत लावल्यावर त्याच जागी थांबलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा स्वच्छ आलं. दोन्ही फाइली ठेवल्या.

यूट्यूबवर शोधलं, काकांचा भाग नाही सापडला.

आता फायनलबद्दल. हॅटट्रिकचं सत्र घेतलं. चित्र सुंदर आहे, ५० फ्रेमवर चेंडूचा टप्पा खरंच दिसतो. पण एक अडचण. सुरुवातीला आवाज बरोबर असतो, आणि दीड-दोन तासांनी आवाज चित्राच्या मागे पडतो. स्टंप उडतो आणि आवाज नंतर येतो. बाबांना ते चालत नाही.

महाल_रेडिओवाला

वा बेटा. काकांचं आलं, म्हणजे खरं काम झालं.

आवाज मागे पडतो ते दोन प्रकारे. पहिल्यापासून सारखाच मागे असेल तर ओबीएसमध्ये सिंक ऑफसेट आहे, मिलिसेकंदात आकडा टाकून जुळवता येतो. पण तुझा हळूहळू वाढत जातो. म्हणजे डोंगलचं आवाजाचं घड्याळ आणि चित्राचं घड्याळ एकमेकांशी जुळत नाही. स्वस्त डोंगलात हे होतं. आधी तीन गोष्टी पाहा. विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये डोंगलचा माइक ४८ किलोहर्ट्झवर आहे का, आणि ओबीएसमध्येही ४८ च आहे का. एकीकडे ४४.१ असेल तर दोन्ही सारखं कर. डोंगल यूएसबी हबमध्ये लावलं असेल तर काढून थेट लॅपटॉपला लाव. आणि रेकॉर्डिंग चालू असताना लॅपटॉपवर दुसरं काही उघडू नको.

तरीही मागे पडलं तर सगळ्यात साधा उपाय, एका दमात दिवसभर घेऊ नकोस. दर तासाला किंवा पाऊण तासाला रेकॉर्डिंग थांबव आणि नवीन चालू कर, ड्रिंक्स किंवा जाहिरात लागली की. प्रत्येक फाइल शून्यापासून सुरू होते, मग फरक कळण्याइतका साचतच नाही. नंतर एव्हीडीमक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे जोडता येतात, परत बनवावे लागत नाहीत. जाहिरातीही तिथेच कापून टाक. मी तर म्हणतो ओव्हर संपल्यावरच थांबव, म्हणजे जोड कळणार नाही.

हॅटट्रिकचं सत्र आधी परत घे. बाबांना तेच पाहिजे.

प्रतापनगर_पीसी

काका, मी वर डिस्क काढा म्हणालो होतो. कुलूप बॉक्सच्या चिपमध्ये असतं हे माहीत नव्हतं. आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक असाच बॉक्स घेऊन आला आहे, त्याला उद्या हा धागा दाखवतो. एक विचारायचं होतं, त्याच्या बॉक्सला पिवळा-लाल-पांढरा नाहीच, फक्त एचडीएमआय. मग?

महाल_रेडिओवाला

मग दोनच मार्ग. एक, तो कार्यक्रम कंपनीच्या ॲपवर किंवा प्रसारकाकडे उपलब्ध आहे का ते पाहा. दुसरा, टीव्हीसमोर मोबाइल तिवईवर लावून घ्यायचा. हसू नका, शेवटचा पर्याय म्हणून तो चांगला आहे. खोलीत पूर्ण अंधार, मोबाइल टीव्हीच्या अगदी मधोमध आणि सरळ, फोकस आणि उजेड लॉक करायचा, आणि मोबाइलवर ५० फ्रेमची सोय असेल तर ती निवडायची म्हणजे पडद्यावर पट्टे फिरत नाहीत. आवाज मोबाइलच्या माइकनं नको. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायरीनं लॅपटॉपवर वेगळा घ्यायचा आणि नंतर जोडायचा. चित्र जरा कमी आलं तरी लोक पाहतात, पण आवाज खराब असेल तर कोणी पाहत नाही.

गिऱ्हाइकाला आधी विचारा की त्यात परत न मिळणारं काय आहे. नुसते सिनेमे असतील तर त्याचे पैसे आणि तुमचा वेळ वाचवा.

नंदनवन_नागपूर

काका, दोन्हीकडे ४८ केलं. डोंगल खरंच हबमध्ये होतं, ते थेट लॅपटॉपला लावलं आणि दर तासाला फाइल बदलली. आता स्टंपचा आवाज स्टंपसोबतच येतो. बाबांनी हेडफोन लावून तपासलं आणि पास केलं. वाडकरचं शतक आणि शेवटचा दिवस घेऊन झाला. मधली षटकं बाबा स्वतः घेऊन राहिले आहेत. फाइल बदलायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. फायलींना नावंही तेच देतात, '३० डिसेंबर, सकाळ, गुरबानी' अशी. एक प्रत माझ्याकडे, एक पुण्याला भावाच्या डिस्कवर जाईल.

कंपनीच्या माणसाला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं आहे. तोवर रिचार्ज चालू आहे.

काटोलच्या दादा, तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाकडे असं काही अडकलेलं असेल तर डोंगल आणि केबल आमच्याकडे आहे. आमचं झालं की घेऊन जा.

फ्रीडिश_काटोल

हो ताई, आहे. आमच्या शाळेच्या मास्तरांकडे असाच हार्ड डिस्कवाला बॉक्स आहे, त्यात विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी आहे. रविवारी नागपूरला येणं आहे, तेव्हा फोन करतो. तुमचा नंबर इथे टाकू नका, मला खासगी मेसेज करा.

महाल_रेडिओवाला

मास्तरांचा बॉक्स कोणता आहे आणि मागे कोणकोणती भोकं आहेत, त्याचा फोटो आधी इथे टाका. आणि त्यांना आजच सांगा की रिचार्ज बंद असेल तर बॉक्स चालू करून बघा, रेकॉर्डिंग उघडतं का. उघडत नसेल तर सगळ्यात छोटा पॅक भरा, मग पुढे बोलू.